अमेरिकेने टाकल्या, इतरांनी चालवल्या: फाल्कन, टोरिनो, डार्ट आणि मंडळी

हँडब्रेक (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीचा विषय निघाला होता. तिथे अवांतर झालं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

२०१२-१३ मध्ये कामानिमित्त वर्षभर ब्युनोस आयर्सला होतो. घरमालक सत्तरीतले, निवृत्त, बोलघेवडे. त्यांच्याकडे १९७१ ची फोर्ड फाल्कन होती. रंग साबुदाण्याच्या खिरीसारखा, डिकी उघडली की रबराच्या पट्टीखाली मूळचा हिरवा दिसायचा. पहिल्यांदा शेजारी बसलो तेव्हा पुढे अख्खं बाकडं, मध्ये काही नाही आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. आपल्याकडे ओढून खाली पहिला, ढकलून वर दुसरा, सरळ खाली तिसरा. संपले गिअर. मी म्हटलं, आमच्या मुंबईच्या टॅक्सीला असाच हँडगिअर असतो. त्यांना ते खरं वाटेना. तेवढ्यात बाजूने टॅक्सी गेली, तीही काळी-पिवळी. तिथे टॅक्सीचे रंग हेच आहेत.

आता मुद्दा. ही गाडी अमेरिकेत १९५९ च्या शेवटी आली, १९६० चं मॉडेल म्हणून. तेव्हा फोर्डमध्ये रॉबर्ट मॅकनामारा होते, तेच जे पुढे व्हिएतनामच्या काळात संरक्षणमंत्री झाले. बीटल आणि रॅम्बलर या लहान गाड्या खपताहेत हे बघून डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या मोटार कंपन्यांनी एकदम ‘छोट्या’ गाड्या काढल्या: फोर्डची फाल्कन, क्रायस्लरची व्हॅलियंट, शेवरोलेची कॉरव्हेअर आणि दोन वर्षांनी चेवी टू. छोटी म्हणजे किती, तर फाल्कन ४.६ मीटर लांब. आपली अँबॅसॅडर ४.३ आणि पद्मिनी चारच्याही आत. त्यांची कॉम्पॅक्ट म्हणजे आपल्याकडे कलेक्टरची गाडी झाली असती.

अमेरिकेत फाल्कन १९७० ला संपली. अर्जेंटिनात ती १९६२ ला सुरू झाली आणि सप्टेंबर १९९१ पर्यंत निघत राहिली. जाळी बदलली, दिवे चौकोनी झाले, इंजिन ३.६ लिटरपर्यंत गेलं, पण दरवाजे आणि छप्पर बघितलं की १९६० च आठवतं. पाच लाखांच्या जरा आत गाड्या निघाल्या.

असं फक्त फाल्कनचं नाही. क्रायस्लरची डॉज डार्ट ब्राझीलमध्ये आणि स्पेनमध्ये, व्हॅलियंट ऑस्ट्रेलियात, रॅम्बलर अर्जेंटिना, मेक्सिको आणि इराणमध्ये (तिथे नावं आर्या आणि शाहीन). आपल्याला ही कथा पद्मिनी-अँबॅसॅडरमुळे ओळखीची वाटेल, पण माझ्या मते तिकडे थोडं वेगळं घडलं. तिकडच्यांनी या गाड्या नुसत्या चालू ठेवल्या नाहीत, बदलून स्वतःच्या करून टाकल्या. कुणाकडे अनुभव, माहिती असेल तर लिहा.

दुसरा गिअर

मस्त धागा. टोरिनोचं नाव शीर्षकात टाकून पळालात की. त्याबद्दल लिहा ना राव.

हँडब्रेक

लिहितो, तीच माझी लाडकी.

कायझर ही अमेरिकेतली कंपनी १९५५ ला तिकडे मोटारी करणं बंद करून कॉर्दोबाला गेली. जाताना प्रेसचे साचेच्या साचे जहाजावर चढवून नेले. तिथल्या कंपनीचं नाव इंदुस्त्रियास कायझर आर्हेंतिना, थोडक्यात इका. अमेरिकेत न चाललेली त्यांची कायझर मॅनहॅटन १९५८ पासून तिथे काराबेला म्हणून निघाली. मग त्यांनी १९६४ च्या रॅम्बलर अमेरिकनचा सांगाडा घेतला. पुढचा-मागचा चेहरा आणि आतली सजावट इटलीच्या पिनिनफारिनाकडून करून घेतली, जर्मन झेडएफचा चार गिअरचा डबा बसवला आणि इंजिन घातलं ते जीपचं. टॉर्नेडो नावाचं सहा सिलिंडरचं, कॅमशाफ्ट वर डोक्यात असलेलं. अमेरिकेत ते जीप वॅगनियरमध्ये जेमतेम तीन वर्षं टिकलं. अर्जेंटिनात त्याने दीड दशक काढलं.

नोव्हेंबर १९६६ ला गाडी आली. नाव इटलीतल्या तोरिनो शहराचं, म्हणून बिल्ल्यावर त्या शहराचा बैल. अमेरिकन हाडं, इटालियन कातडं, जर्मन गिअर, आणि लोक छातीवर हात ठेवून सांगतात की ही आमची गाडी. मला आधी हसू यायचं.

मग घरमालकांनी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९६९, ८४ तासांची शर्यत, म्हणजे साडेतीन दिवस-रात्र. तीन टोरिनो नेल्या होत्या, पथकाचे प्रमुख खुद्द त्यांचा नामवंत शर्यतपटू फान्जिओ, गाड्या तयार करणारे ओरेस्ते बेर्ता. दोन गाड्या बाद झाल्या. तिसरीने ३३४ फेऱ्या मारल्या, सगळ्यांपेक्षा जास्त. पण दंड म्हणून फेऱ्या वजा झाल्या आणि ती चौथी आली. ‘चौथी’ हा शब्द तिथे उच्चारायचा नाही, तुम्हाला ३३४ आकडा ऐकवतात. आमच्या मालकांच्या गॅरेजच्या भिंतीवर तो रंगवलेला होता, आणि लक्षात घ्या, गृहस्थ पक्के फोर्डवाले.

खारी बिस्किट

धागा छान आहे पण थोडं थंड पाणी ओततो. ‘स्वतःच्या करून टाकल्या’ वगैरे ठीक. खरं कारण आयातबंदी. अर्जेंटिनात १९५९ चा सरकारी आदेश, ब्राझीलमध्ये त्याआधी राष्ट्राध्यक्ष कुबिचेकांच्या काळात, मेक्सिकोत १९६२ चा, ज्यात ६० टक्के माल देशातला हवा अशी अट. कंपनीला कारखाना काढणं भाग. काढला की खर्च वसूल होईपर्यंत तोच साचा. गिऱ्हाइकाला दुसरं काही मिळतच नव्हतं. आपणही पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचो. त्याला प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या वडिलांना ते प्रेम वाटलं नव्हतं.

हँडब्रेक

खारी, निम्मं मान्य. साच्यांचं गणित तुम्ही म्हणता तसंच. पण ‘दुसरं काही मिळत नव्हतं’ हे अर्जेंटिनाला लागू नाही. तिथे एकाच वेळी फाल्कन, चेवी, व्हॅलियंटवरून बेतलेली डॉज, टोरिनो, शिवाय प्युजो, फियाट, रेनो असं सगळं होतं, सगळं तिथेच बनलेलं. आणि सत्तरीच्या शेवटी सरकारने आयात खुली केली तेव्हा काय झालं बघा. जनरल मोटर्स १९७८ ला गाशा गुंडाळून गेली, चेवी संपली. क्रायस्लरचा कारखाना १९८० ला फोक्सवॅगनने घेतला, डॉज संपली. टोरिनो १९८१ च्या आसपास संपली. फाल्कन पुढे दहा वर्षं चालली.

खारी बिस्किट

चालली, कारण पोलीस आणि सरकारी खाती घेत होती. अँबॅसॅडरही तशीच चालली. लाल दिवा काढा, मग बघू.

कुर्ला पश्चिम

नमस्कार मंडळी. उशिरा आलो.

आमचे तीर्थरूप कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते, पेंटशॉपला. लोक पद्मिनीपुरतंच प्रीमियर ओळखतात, पण त्याआधी तिथे क्रायस्लरच्या गाड्या जुळायच्या: डॉज, प्लिमथ, डिसोटो. फार्गो ट्रकही. त्याच्याही आधी जनरल मोटर्स शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवत होती. १९५० नंतर सरकारने सांगितलं की नुसती जुळणी नको, इथे बनवायची योजना द्या, तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ ला निघून गेले.

हँडब्रेक यांच्या व्याख्येप्रमाणे या कॉम्पॅक्ट नव्हेत, मोठ्या गाड्या. पण लहानपणी मुंबईच्या टॅक्सीत डॉज-प्लिमथ बऱ्याच होत्या. मागे पाच पोरं बसून सहावं मांडीवर. अमेरिकेत कॉम्पॅक्ट आल्या तोवर आपल्याकडे परकीय चलनाचा खडखडाट आणि मोटारी बनवणारे मोजून तीन. नाहीतर कुर्ल्यात व्हॅलियंट निघाली असती. वडिलांना विचारलं असतं तर म्हणाले असते, रंगवायला पत्रा जास्त लागला असता.

दुसरा गिअर

काका, हे शेवटचं वाक्य भारी.

माझ्याकडे महिंद्राची जुनी जीप आहे, सीजे-३बी जातीची. हरिकेन इंजिन, ज्याला एफ-हेड म्हणतात. म्हणजे आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. हेड उघडलं की अर्धेच व्हॉल्व्ह हाती लागतात, बाकीच्यांसाठी बाजूचं झाकण काढून बोटं सोलून घ्यायची. जुन्नरचा माझा मिस्त्री त्याला ‘अर्धवट इंजिन’ म्हणतो.

याची चुलत भावंडं ब्राझीलमध्ये आहेत. जीपवाल्या विलीज कंपनीची एरो ही अमेरिकेत १९५२ ते ५५ एवढीच निघालेली आटोपशीर गाडी. तिचे साचे ब्राझीलला गेले आणि १९६० पासून एरो-विलीज तिथे निघाली, इंजिन सहा सिलिंडरचं पण मांडणी हीच, एफ-हेड. नंतर तिची उंची आवृत्ती इतामाराती.

गंमत पुढे. फोर्डने ब्राझीलची विलीज १९६७ ला घेतली. १९७३ ला तिथे फोर्ड मॅव्हरिक काढली, म्हणजे अमेरिकेत फाल्कनची जागा घेणारी गाडी. दिसायला काय देखणी. आणि इंजिन कुठलं बसवलं? इतामारातीचं तेच जुनं तीन लिटरचं, कारण कारखान्यात तयार होतं. जड, पिणारं आणि मंद. १९७५ ला नवीन २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन दिलं, पण तोवर गाडीचं नाव खराब झालं होतं. वर तेलाचे भाव भडकलेले. १९७९ ला बंद, एकूण एक लाख आठ हजारांच्या आसपास. व्ही-८ वाली जीटी मात्र आज तिथे सोन्याच्या भावाने जाते असं ऐकतो.

खारींसाठी: हे ‘स्वतःची करून टाकली’चं उलटं उदाहरण. माझ्या जीपचं इंजिन खडकावर चढायला बनलंय, त्याला सुटाबुटात बसवून हायवेला पाठवलं.

खारी बिस्किट

अखेर कुणीतरी शुद्धीवर असलेला माणूस भेटला.

यारातीर

मेलबर्नहून. इथे फाल्कनचा विषय काढायचा म्हणजे रविवार गेलाच.

अमेरिकन फाल्कन सप्टेंबर १९६० ला इथे ब्रॉडमेडोजच्या कारखान्यातून निघायला लागली, एक्सके नावाने. अमेरिकेच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी बनवलेली. इथे शहर सोडलं की कच्चे, पन्हाळी पत्र्यासारखे रस्ते. पुढच्या सस्पेन्शनचे बॉल जॉइंट निखळायला लागले. नाव इतकं खराब झालं की पाच वर्षं कंपनी नुसती मजबुती वाढवत बसली. शेवटी १९६५ ला एक्सपी मॉडेलच्या पाच गाड्या यू यांग्जच्या चाचणी ट्रॅकवर नेल्या, पत्रकारांना बोलावलं आणि मिळून ७०,००० मैल पळवल्या, ताशी सरासरी सत्तर मैलांच्या वर. ट्रॅक असा वळणांचा की गाड्या उलटत होत्या. सरळ करायच्या, पत्रा ठोकायचा, परत सोडायच्या. ते नऊ दिवस चाललं. हाच प्रयोग उलटा अंगावर आला असता तर फोर्डचं दुकान इथे बंद झालं असतं. नंतर तर गाडी दर पिढीला इतकी इथली होत गेली की सत्तरीत अमेरिकेत तिचं कुणी राहिलंच नव्हतं. ७ ऑक्टोबर २०१६ ला शेवटची निघाली.

आता माझी गोष्ट. २००८ ला विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा रात्रपाळीला टॅक्सी चालवायचो. आमच्यातले कितीतरी जण तेच करायचे, पंजाबी, तेलुगू, आपले. टॅक्सी म्हणजे फाल्कन, दुसरा विचारच नाही. सहा सिलिंडर, एलपीजीवर. डिकीत टाकी, तिच्यापुढे उरलेल्या जागेत विमानतळाच्या प्रवाशाच्या बॅगा कशा बसवायच्या हे एक शास्त्र होतं. मुंबईत सीएनजीवाले कॅरिअरवर बांधतात, इथे ती सोय नाही. मी चालवायचो त्या गाडीचा आकडा साडेसात लाख किलोमीटरच्या पुढे होता. सीटला चालकाच्या बाजूने खड्डा, सगळ्या पाळ्यांच्या लोकांनी मिळून पाडलेला, त्यात मी बसत नव्हतो. मी टॉवेलची घडी घालायचो. ज्याची टॅक्सी होती त्याने शेवटच्या महिन्याचे पैसे बुडवले, पण गाडीने एकदाही रस्त्यात सोडलं नाही.

व्हॅलियंटबद्दल थोडक्यात: १९६२ पासून अॅडलेडला, १९७० ला क्रायस्लरने अमेरिकेत अर्धवट सोडलेलं सहा सिलिंडरचं इंजिन इथे पूर्ण करून त्यात घातलं, हेमी-सिक्स. १९७१ ला त्यावर चार्जर नावाची दोन दारांची गाडी काढली जिचा अमेरिकेतल्या चार्जरशी नावापलीकडे संबंध नाही. १९८१ ला संपली.

हँडब्रेक

यारातीर, पन्हाळी पत्रा हा शब्द उचलतो.

नावांच्या गोंधळावरून आठवलं. अर्जेंटिनात डॉज पोलारा म्हणजे व्हॅलियंटच्या घराण्यातली मोठी गाडी. शेजारच्या ब्राझीलमध्ये डॉज पोलारा म्हणजे इंग्रजांची हिलमन अॅव्हेंजर, छोटीशी. ती अॅव्हेंजर अर्जेंटिनात डॉज १५०० म्हणून मिळायची. सीमेवर सुटे भाग मागणाऱ्याचं काय होत असेल देव जाणे.

आणि खारी, तुमच्या पोलीस-सरकारवाल्या मुद्द्याला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण आकडे माझ्याकडे नाहीत. पण तुरिस्मो कार्रेतेरा ही त्यांची शर्यत बघा. फोर्ड, शेवरोले, डॉज, टोरिनो, अशी वर्षानुवर्षं चार घराणी. गाड्या बंद पडून दशकं झाली तरी शर्यतीत त्याच आकाराच्या गाड्या पळत राहिल्या, अलीकडे कुठे नवे आकार आले. घरोघरी फूट. आमच्या मालकांचा जावई शेवरोलेवाला होता, रविवारी त्याला अंगणात जेवायला वाढायचे.

सांजवात

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, गाड्यांतलं काही कळत नाही. पण हा धागा वाचताना एक गोष्ट कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहिते.

अर्जेंटिनात ‘फाल्कन वेर्दे’, म्हणजे हिरवी फाल्कन, हे शब्द उच्चारले की लोक इंजिनाबद्दल बोलत नाहीत. १९७६ ते ८३ लष्करी राजवट होती. माणसं उचलायला साध्या कपड्यातले लोक यायचे ते बहुतेकदा हिरव्या फाल्कनमधून, नंबरप्लेट नसलेल्या. नेलेली माणसं परत यायची नाहीत. मानवाधिकार संघटना आकडा ३०,००० सांगतात. नौदलाच्या ज्या शाळेत अनेकांना डांबलं होतं, ते एस्मा, आज स्मारक आहे, २०२३ ला युनेस्कोच्या यादीत गेलं. माझ्या वर्गात आम्ही त्या काळातल्या साक्षी वाचतो. त्यात ‘गाडी थांबली’ असं कुणी म्हणत नाही, ‘फाल्कन थांबली’ म्हणतात.

खुद्द फाल्कन बनायची त्या पाचेकोच्या कारखान्यातून कामगार उचलले गेले. २४ कामगारांच्या त्या प्रकरणात डिसेंबर २०१८ ला कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांना तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावली.

‘सरकारी खाती घेत होती’ एवढ्यात हे येत नाही, एवढंच.

खारी बिस्किट

सांजवात, मी ते वाक्य अँबॅसॅडरच्या हिशेबाने सहज लिहिलं होतं. हे माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

कुर्ला पश्चिम

स्पेनमध्येही एक डॉज अशीच लक्षात राहिली आहे. बारेइरोस कंपनीच्या माद्रिदच्या कारखान्यात बनलेली डॉज ३७००, तीही डार्टच्याच कुळातली. डिसेंबर १९७३ ला पंतप्रधान कारेरो ब्लांको त्यातून जात असताना रस्त्याखाली स्फोट झाला आणि ती जड गाडी इमारतीवरून पलीकडच्या आवारात जाऊन पडली. आमच्या वेळी पेपरात आलं होतं, गाडीचं नाव तेव्हा वडिलांनी वाचून दाखवलं होतं. ‘आपली डॉज’ म्हणाले.

यारातीर

इथे फाल्कन म्हणजे टॅक्सी, मागे भाज्यांचे क्रेट टाकलेली यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी), पोलीसही, पण असं काही नाही. एकाच पत्र्याची दोन देशांत किती वेगळी आठवण. सांजवात, त्या साक्षींपैकी काही मराठीत आणता आलं तर वेगळा धागा काढा, वाचेन.

हँडब्रेक

काल रात्रीपासून तीनदा लिहून खोडलं.

मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की मालकांची फाल्कन मूळची हिरवी होती. मी त्यांना तेव्हा विचारलंही होतं की रंग का बदलला. एरवी पाण्याचा पंप बदलल्याची गोष्ट अर्धा तास सांगणारा माणूस, त्यावर एवढंच म्हणाला की ७७ ला रंगवून घेतली, हिरवी घेऊन कुणाकडे जाता येत नव्हतं. मला वाटलं रंग उडाला असेल, गाडी वाईट दिसत असेल, लग्नाकार्याला न्यायची लाज वाटत असेल. मी मान हलवली आणि पंपाबद्दल विचारलं.

फाल्कन घेऊन ते कुणाच्या दारात थांबले की आतल्यांना काय वाटत असेल, हे मला तेरा महिने त्या गाडीत बसून सुचलं नाही.

डिकीच्या रबराखालच्या पट्टीचा फोटो जुन्या फोनमध्ये असावा. तेव्हा मी तो ‘मूळ रंग शाबूत’ म्हणून काढला होता.

दुसरा गिअर

सापडला तर टाका.